स्पिरिट, पावडर आणि पुरावा

पुराव्याधिष्ठित परिचर्या म्हणजे रुग्णासाठी करावयाच्या प्रत्येक कृतीचा खरोखर उपयोग होतो का, हे तपासलेल्या संशोधनाच्या आधारे ठरवणे, आणि ते ठरवताना परिचारिकेचे कौशल्य व रुग्णाची परिस्थिती आणि इच्छा यांनाही जागा देणे. डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये वैद्यकासाठी ही मांडणी केली आणि पुढे परिचर्येने ती स्वीकारली, तरी रुग्णसेवेचे मोजमाप करण्याचा विचार परिचर्येत त्याहून बराच जुना आहे. क्रिमियन युद्धात दगावलेल्या सैनिकांपैकी बहुसंख्य जखमांनी नव्हे तर टाळता येण्याजोग्या रोगांनी गेले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये आकृत्या काढून दाखवले होते. मात्र असे ज्ञान ग्रंथालयातून रुग्णाच्या खाटेपर्यंत कसे पोहोचते, हे पुस्तकातून कळत नाही, त्यासाठी वॉर्डच पाहावा लागतो.

ठाण्यापासून कळवा, डोंबिवली, कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात महापालिकांची आणि शासनाची रुग्णालये आहेत, गल्लोगल्ली खासगी नर्सिंग होम आहेत, आणि तेथे शहरातल्या रुग्णांबरोबरच मुरबाड, शहापूर, भिवंडीकडचे रुग्णही दाखल होतात. प्रस्तुत लेखिकेची परिचारिका म्हणून झालेली सेवा याच पट्ट्यातील मेडिसिन वॉर्डांत गेली असून, पुढील विवेचन त्या अनुभवावर उभे आहे. पक्षाघाताचा झटका आलेले, खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेले, दीर्घ आजाराने अशक्त झालेले रुग्ण या वॉर्डांत नेहमीच असतात, आणि त्यांच्या बाबतीत सर्वांत मोठी धास्ती असते ती बेडसोअरची, म्हणजे शय्याव्रणाची. हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा व तिच्या खालचे मांस फार वेळ दाबले गेले की तेथील रक्तपुरवठा खुंटतो, पेशी मरू लागतात आणि माकडहाडाजवळ, टाचेवर किंवा खुब्यावर जखम होते, जी भरून यायला कित्येक महिने लागू शकतात.

ही जखम होऊ नये म्हणून परिचर्येच्या अनेक पिढ्यांना शिकवला गेलेला उपाय म्हणजे ‘बॅक केअर’: रुग्णाला कुशीवर वळवायचे, पाठ पुसायची, हातावर स्पिरिट घेऊन दाबाच्या जागा चोळायच्या आणि वर पावडर लावायची. इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्ध रुग्णांच्या परिचर्येचा अभ्यास करून १९६२ मध्ये दाखवून दिले की पाठीला काय लावले याने फरक पडत नाही, फरक पडतो तो ठरलेल्या वेळी कूस बदलून दाब काढल्याने. पुढील मार्गदर्शक सूत्रांनी आणखी एक पाऊल टाकले आणि लालसर झालेली जागा चोळूच नये असे सांगितले, कारण दाबाने आधीच दुखावलेल्या बारीक रक्तवाहिन्या चोळण्याने फाटू शकतात. शिवाय स्पिरिटने त्वचा कोरडी पडते, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत घामाने ओली झालेली पावडर काखेत व मांड्यांच्या सांध्यात गोळा होऊन त्वचेला घासू लागते.

इतका जुना आणि इतका सोपा निष्कर्ष वॉर्डात उतरायला एवढा काळ का लागावा, याचे उत्तर आळसात किंवा अज्ञानात शोधणे अन्यायाचे ठरेल. चोळणे बंद करण्याचा विषय वॉर्डात निघाला तेव्हा एका ज्येष्ठ परिसेविकेने घेतलेला आक्षेप लेखिकेला आजही सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांचे म्हणणे असे की, स्पिरिट आणि पावडर निरुपयोगी असेल, पण त्या निमित्ताने रुग्ण दिवसातून दोनदा कुशीवर होतो आणि त्याची पाठ परिचारिकेच्या डोळ्यांखालून जाते. चोळणे काढून टाकले तर हे पाहणेही जाईल. संशोधनाने ज्या कृतीला निरुपयोगी ठरवले होते तिच्या पोटात एक उपयोगी कृती दडलेली होती, आणि ती ओळखण्यासाठी अनुभवच लागत होता. म्हणून ‘बॅक केअर’ची वेळ तशीच ठेवण्यात आली आणि तिच्यातील काम बदलले: साध्या पाण्याने पुसणे, न घासता टिपून कोरडे करणे, त्वचा पाहणे, कूस बदलणे आणि बदलल्याची वेळ लिहिणे.

नातेवाइकांना हा बदल पटवणे अधिक कठीण होते, कारण पाठ चोळलेली दिसते, तर कूस बदललेली कोणाच्या लक्षातही येत नाही. “सिस्टर, आज बाबांची पाठ चोळली नाही का?” असे सुनेने किंवा मुलाने विचारले की त्यात तक्रारीइतकीच मायाही असते, आणि त्या मायेला काम देणे हाच उपाय ठरतो. पुढे त्याच सुनेला कूस कशी बदलायची, खांद्याला ओढायचे नाही तर चादरीसकट कसे उचलायचे, टाच गादीपासून अधांतरी राहावी म्हणून पोटरीखाली उशी कशी ठेवायची, हे शिकवले गेले. टाचेखाली पाण्याने भरलेले हातमोजे ठेवण्याची आणि कमरेखाली हवेची रिंग देण्याची सवयही अशीच सोडावी लागली, कारण रिंगच्या कडेने दाब मधल्या भागाभोवती एकवटतो. एअर बेड भाड्याने आणला म्हणजे वळवण्याची गरज संपली, हा समज मात्र अजून घट्ट आहे.

जोखीम आधी ओळखण्यासाठी बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेली मोजपट्टी वापरली जाते. तिच्यात संवेदना, ओलावा, वावर, स्थिती बदलण्याची क्षमता, आहार आणि घर्षण या सहा बाबींना गुण देतात, एकूण गुण ६ ते २३ यांच्या दरम्यान येतात, आणि गुण जितके कमी तितकी जोखीम अधिक. परंतु पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातील ‘लाली’ सावळ्या त्वचेवर सहज दिसत नाही, त्यामुळे आपल्याकडे डोळ्यांपेक्षा हाताच्या पाठीवर भिस्त ठेवावी लागते: ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, थंड, कडक किंवा पिठासारखी मऊ लागते का, हे चाचपून पाहणे आवश्यक असते.

सलाईनच्या सुईच्या बाबतीत अनुभव वेगळा आला, कारण तेथे पुराव्याने काम वाढवले नाही, कमी केले. हातातील आयव्ही कॅन्युला तीन-चार दिवसांनी बदलायचीच, असा शिरस्ता होता. ऑस्ट्रेलियातील क्लेअर रिकार्ड यांच्या गटाने ३,२८३ रुग्णांवर केलेल्या आणि २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या चाचणीत ठरावीक वेळी बदललेल्या आणि गरज पडल्यावरच बदललेल्या अशा दोन्ही गटांत शिरेला सूज येण्याचे प्रमाण सारखेच, ७ टक्के, निघाले. मात्र हा निष्कर्ष तेथेच लागू पडतो जेथे प्रत्येक पाळीत ती जागा नीट पाहिली जाते. ज्या वॉर्डात एका परिचारिकेकडे रात्री संपूर्ण वॉर्ड असतो, तेथे ‘गरज पडल्यावर’ याचा अर्थ ‘सूज वाढून रुग्ण ओरडल्यावर’ असा होण्याचा धोका आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण-रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात ३ रुग्णांमागे एक आणि अन्य रुग्णालयात ५ रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे; तो पाळला गेल्याशिवाय पुराव्याची भाषा करणे परिचारिकांवर अन्याय करणारे आहे, असे लेखिकेचे स्पष्ट मत आहे.

निष्कर्ष कोठे लागू पडतो हा मुद्दा, कूस किती तासांनी बदलावी या प्रश्नावर अधिक तीव्र होतो. अमेरिका आणि कॅनडातील शुश्रूषागृहांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर दोन, तीन आणि चार तासांनी वळवलेल्या वृद्धांमध्ये व्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. पण ते सर्व जण दाट फोमच्या चांगल्या गाद्यांवर होते. आपल्याकडील रेक्झिनच्या आवरणातील, मध्ये खड्डा पडलेली गादी, जून महिन्यातील घाम, पोटात पुरेसे अन्न न गेलेला रुग्ण, या सर्वांना ती मुभा कशी लागू करायची? लेखिकेच्या वॉर्डात म्हणूनच दोन तासांचा जुना नियम सोडलेला नाही.

परदेशातील उत्तरे अपुरी पडतात तेव्हा आपल्याच भूमीत प्रश्न सोडवता येतो, याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील महिलांना प्रशिक्षण देऊन घरीच नवजात बाळांची देखभाल केली, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, पुढे आशा कार्यकर्त्यांच्या कामात हीच पद्धत देशभर आली. तेथे मोजमाप आणि सेवा एकाच हातांनी झाली होती. ठाणे-कल्याणच्या वॉर्डात तसा प्रयत्न करायचा तर फार मोठ्या निधीची गरज नाही: दाखल होताना त्वचेची तपासणी, ब्रेडन गुण, गादीचा प्रकार, कूस बदलल्याच्या वेळा आणि डिस्चार्जच्या दिवशीची त्वचा, एवढ्या नोंदी केसपेपरला जोडलेल्या एका कागदावर राहू शकतात. एम.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना प्रबंधासाठी विषय हवाच असतो, आणि आपल्या गाद्यांवर कूस किती तासांनी बदलावी या प्रश्नाचे उत्तर देणारा अभ्यास त्यांच्या हातून झाला तर तो कपाटात न राहता वॉर्डाच्या भिंतीवरील तक्त्यात उतरेल, कारण तो प्रश्न त्याच वॉर्डातून आलेला असेल.