पडद्यावरचं लिंबू

अर्धांगवायूत पुष्कळदा हात धडच असतो. अडतो तो मेंदूकडून येणारा हुकूम. उजवा हात मेंदूच्या डाव्या बाजूच्या ताब्यात. ही विद्या मला कॉलेजने नव्हे, बाबांच्या आजारपणाने शिकवली. बाबा शिंपी. घाटकोपरच्या असल्फ्यातल्या आमच्या खोलीत मशीन पाच महिने झाकलेलं आहे.

फिजिओथेरपीच्या ताई टॅबलेट घेऊन येतात. पडद्यावर आमचंच टेबल, बाबांचाच हात, आणि पुढ्यात एक नसलेलं लिंबू! हात सरकवत त्याला शिवायचं. पुन्हा पुन्हा केलं की मेंदू नवी वाट पाडतो. "खोट्या लिंबाचं सरबत होतं का गं?" बाबा चिडले. पण ३० झाली की एकतिसावं मागतात!

या यंत्राची आजी म्हणजे साधा आरसा. डॉ. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात तो कापलेल्या हातात उठणाऱ्या कळांवर वापरला. १९९९ साली पक्षाघाताच्या रुग्णांवरचा प्रयोग 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ताई नसतात तेव्हा आम्ही आईच्या आरशावर भागवतो. डावा हात हलवायचा, आरशात तो उजवा दिसतो.

काल उजव्या हाताचा अंगठा तर्जनीपाशी आला. आई म्हणाली, "भास झाला तुला." मी म्हटलं, "नाही." बाबा म्हणाले, "दोघी गप्प बसा, मला मोजू द्या."