शेजारच्या घराची किंमत

माणसाच्या मनांत येणाऱ्या पहिल्या विचारावरून त्याची परीक्षा करूं नये, दुसरा विचार येईपर्यंत त्याला थोडा अवधि द्यावा, असें माझें मत आहे. हें मत बनण्याला कारणही तसेंच घडलें.

२०१९ सालच्या नोव्हेंबरांतली गोष्ट. सकाळचा चहा घेत मी वर्तमानपत्र चाळीत होतों. भारत संचार निगमानें पन्नाशी गांठलेल्या नोकरांसाठीं स्वेच्छानिवृत्तीची योजना काढल्याची बातमी त्यांत होती. ती वाचून होतांच मी म्हणालों, "आतां आपल्या वसाहतींत घरें स्वस्त होणार!"

चहाचा दुसरा कप पुढें करणारा हिचा हात जागच्या जागीं थांबला. "आणि अण्णांचें काय होणार?" हिनें विचारलें.

अण्णा म्हणजे आमचे शेजारी. दूरसंचार खात्यांत ते तरुणपणीं लागले. २००० सालीं खात्याचें निगम झालें, तेव्हां तेही निगमाचे झाले. टेलिफोनच्या तारा जोडण्यांत त्यांचीं तीस वर्षें गेलीं. आमची वसाहत अशाच सरकारी नोकरांनीं सहकारी संस्था काढून, कर्जें घेऊन उभारलेली आहे. मी खासगी शाळेंतला मास्तर. येथें भाडेकरू म्हणून शिरलों आणि 'पुढच्या वर्षीं घर घेऊं' असें बारा वर्षें म्हणत राहिलों. माझा पगार जिना चढत होता, तेव्हां घरांच्या किंमती गच्चीवर जाऊन बसत होत्या.

त्या कशा चढतात हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. २००८ सालीं केंद्र सरकारच्या नोकरांना सहावा वेतन आयोग लागू झाला. थकबाकीचा ४० टक्के भाग त्या वर्षीं आणि उरलेला ६० टक्के पुढल्या वर्षीं मिळावयाचा होता. पण ती थकबाकी नोकरांच्या हातीं पडण्यापूर्वींच घर विकणाऱ्यांच्या जिभेवर पोंचली होती! सरकारी नोकरीचें खरें मोल पगाराच्या आंकड्यापेक्षां त्याच्या खात्रींत आहे. बँकेचा अधिकारी वीस वर्षांचें कर्ज देतांना घराच्या भिंतींकडे जितकें पाहतो, तितकेंच पगारपत्रकाकडे पाहतो. वीस वर्षांच्या हप्त्यांचें वचन देऊं शकणारीं माणसें ज्या गांवांत पुष्कळ, त्या गांवांत घरांना किंमतही तशीच येते. मग ती खात्री गेली तर किंमतही जावी, हा माझा हिशेब मला अगदीं बिनतोड वाटला.

चार दिवसांनीं अण्णा आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"मास्तर, अर्ज भरून आलों," ते म्हणाले. मग बराच वेळ गप्प राहून एकदम म्हणाले, "तुम्ही घर पाहतां आहां ना? थोडे थांबा. आमच्यासारखे पुष्कळ जण निघताहेत. कोणी ना कोणी विकील. तुमचे चार पैसे वांचतील."

जो विचार मीं चहाच्या घोटाबरोबर सहज बोलून गेलों होतों, तोच त्यांच्या तोंडून ऐकतांना मला वर पाहवेना.

३१ जानेवारी २०२० रोजीं देशभर ७८ हजारांहून अधिक नोकर एकाच दिवशीं निवृत्त झाले. निगमाचें जवळजवळ निम्में मनुष्यबळ कमी झालें. अण्णांच्या सल्ल्याप्रमाणें मी थांबलों. दोन महिन्यांत साथ आली, टाळेबंदी आली. तेव्हां त्या वर्षांतला कोणता परिणाम कशाचा, हें वेगळें काढणें कठीण. पण साथ ओसरली तरी आमच्या वसाहतींत किंमती कांहीं उतरल्या नाहींत.

माझा हिशेब कोठें चुकला, तें हळूहळू ध्यानांत आलें. घर म्हणजे कांहीं पावसांत भिजलेला कांदा नव्हे, कीं आजच्या आज विकून मोकळें व्हावें. हात आंखडला कीं माणूस आधीं प्रवास सोडतो, मग नवे कपडे, मग लग्नांतला थाटमाट. घरावर पाळी येते ती सर्वांच्या शेवटीं. मनाजोगती किंमत न आली, तर तो विकण्याचेंच लांबणीवर टाकतो. म्हणून आधीं आटतात ते व्यवहार. किंमत मागाहून हलते. शिवाय हे निवृत्त होणारे सारे पन्नाशीपुढचे. पुष्कळांचीं कर्जें फिटलेलीं, निवृत्तिवेतन चालू, आणि हातीं एकरकमी पैसा. अण्णांनीं त्यांतून गच्चीवर एक खोली चढविली. नोकरी संपली आणि घर वाढलें!

सर्वच गांवांचें असें निभावतें असें नाहीं. कर्नाटकांतील कोलारच्या सोन्याच्या खाणी सरकारी कंपनीच्या होत्या. त्या २००१ सालीं बंद झाल्या. तें गांव एकाच खांबावर उभें होतें; कामगारांचीं राहतीं घरेंही खाणीचींच. खाण मिटल्यावर तेथल्या हजारों माणसांना रोज पहांटे आगगाडीनें बंगळूर गांठावें लागलें. आमच्या गांवाला कचेऱ्या आहेत, बाजारपेठ आहे, साखर कारखाना आहे. एक खांब निघाला तरी छप्पर टिकलें.

पण टिकलें, म्हणजे कांहींच झालें नाहीं, असें नव्हे. आमच्या वसाहतीच्या माड्यांवर पूर्वीं नोकरीस नवे लागलेले तरुण भाड्यानें राहात. एक ट्रंक घेऊन येत, खानावळीचा डबा लावीत, दोन-तीन वर्षांनीं लग्न करीत आणि मग एके दिवशीं संस्थेच्या चिटणीसांना विचारीत, "एखादें घर निघतें आहे का?" अण्णाही असेच आले होते. आतां अण्णा निवृत्त झाले; पण त्यांच्या जागीं कोणी आलें नाहीं, कारण ती जागाच उरली नाहीं. घर विकणारा आपल्याला दिसतो; कधींच न आलेला गिऱ्हाईक दिसत नाहीं. नोकरकपातीचा परिणाम मोजावयाचा, तर या न आलेल्या माणसाला मोजलें पाहिजे. तो आजच्या किंमतींत सांपडावयाचा नाहीं. आमच्या वसाहतींतल्या म्हाताऱ्यांचीं मुलें पुण्याला आणि बंगळूरला आहेत. वीस वर्षांनीं तीं एकदमच घरें विकावयास काढतील, तेव्हां घेणारा कोण, हा प्रश्न पडेल. मला हवी होती ती स्वस्ताई त्या दिवशीं कदाचित् येईल. पण ज्यांच्या शेजारासाठीं मला येथें घर हवें होतें, ते अण्णा तेव्हां नसतील.

मी अजून भाडेकरूच आहें. अण्णांच्या गच्चीवरच्या खोलीवर 'भाड्यानें देणें आहे' ही पाटी अजून आहे. यंदाच्या पावसानें तिचीं अक्षरें पुसट झालीं, तेव्हां माझें अक्षर बरें म्हणून अण्णांनीं ती माझ्याकडून पुन्हा लिहवून घेतली. लिहून झाल्यावर मीं विचारलें, "खालीं भाडें किती घालूं?"

"आंकडा नको, मास्तर," ते म्हणाले. "आधीं कोणी येऊं तर द्या."