ढेपेचें पोतें

दुधांत पाणी असावयाचेंच, हें आमच्या पिढीनें जवळजवळ धर्मवचनासारखें मानलेलें आहे. गवळी दारांत आला कीं त्याच्या मापाकडे पाहावें, दूध तापल्यावर सायीकडे पाहावें, आणि साय पातळ निघाली कीं गवळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करावा, एवढ्यावर आमचें अन्नशास्त्र संपत असे. गाय काय खाते, हा प्रश्न आम्हांस कधीं पडला नाहीं. गाय गवत खाते, ही गोष्ट आम्हीं पहिलीच्या पुस्तकांत वाचली होती आणि पुढें कित्येक वर्षें पहिलीच्या मुलांस शिकविलीहि होती. तिच्यावर शंका घेण्याचें कारण नव्हतें.

ती शंका आम्हांस गेल्या श्रावणांत एका गोठ्यांत आली. नोकरींतून मोकळे झाल्यावर आम्हीं पवनी तालुक्यांत, गोसीखुर्दच्या धरणाजवळ बिऱ्हाड केलें आहे. वैनगंगेवरील या धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजीं राजीव गांधी यांच्या हस्तें बसविली गेली. पुढें पाणी सांचत गेलें तशीं कांठचीं गांवें उठून नव्या गांवठाणांत आलीं. आमचें गांव त्यांतलेंच एक. रस्ते सरळ आहेत, नळ आहेत, शाळा आहे. नाहीं तें एक गायरान. घर हलवितां येतें, देऊळहि हलवितां येतें. परंतु नदीकांठचा चराईचा पट्टा गाडींत घालून आणतां येत नाहीं. म्हणून आमच्या येथील गाय तणीस खाते, आणि दुभती असेल तर वर सरकीची ढेप. ढेप बाजारांतून पोत्यानें यावी लागते.

आम्हांस दूध घालणाऱ्या बाईस सारें गांव ‘माय’ म्हणतें, आम्हीहि म्हणतों. तिच्याकडे दोन गाई. त्या दिवशीं पाऊस फार होता, म्हणून दूध आणावयास आम्हीच गेलों. गोठ्याच्या कोपऱ्यांत, जेथें छत गळत होतें तेथेंच, पोतें उघडें होतें. माय ढेप फोडीत होती. एक तुकडा फुटला तों आंत हिरवट-पिवळी बुरशी दिसली आणि कुबट वास नाकांत शिरला. मायनें तेवढा भाग नखांनीं खरवडून टाकला व उरलेला तुकडा बादलींत भिजत घातला. तिनें कांहीं लपविलें नाहीं; लपविण्याजोगें कांहीं आहे असें तिला वाटलेंच नव्हतें. आमच्या आईनेंहि शिळ्या भाकरीची बुरशी अशीच खरवडली असती.

घरीं येऊन आम्हीं चष्मा चढविला. शिकलेल्या माणसास भय वाटलें कीं तो प्रथम वाचावयास बसतो. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अवघ्या कांहीं महिन्यांत मेले. रोगाचें निदान होईना. अखेर दोष निघाला तो त्यांस घातलेल्या भुईमुगाच्या पेंडींत: ‘अस्परजिलस फ्लेव्हस’ नांवाच्या बुरशीनें तींत विष उत्पन्न केलें होतें. त्यासच पुढें अफ्लाटॉक्सिन हें नांव मिळालें. गाय असली पेंड खाते तेव्हां ती सहसा मरत नाहीं. तिचें यकृत त्या विषाचें रूप पालटतें, आणि त्याचा थोडा अंश दुधांत उतरतो. दूध कितीहि उकळा, तो जात नाहीं. आमच्या घरीं दूध तीनदां वर येईपर्यंत तापविण्याची परंपरा आहे. ती अशी व्यर्थ ठरलेली पाहून सौभाग्यवतींस फार वाईट वाटलें.

पुढें वाचलें तें अधिकच चमत्कारिक होतें. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें २०१८ सालीं देशभरांतून दुधाचे ६४३२ नमुने तपासले होते. आरोग्यास घातक अशी भेसळ निघाली १२ नमुन्यांत. अफ्लाटॉक्सिन मर्यादेबाहेर निघालें ३६८ नमुन्यांत. पाणी व साय यांचे दोष वेगळे, आणि तेहि पुष्कळ होते. पण विषाची गोष्ट बोलावयाची तर आम्हीं जन्मभर मापावर डोळा ठेवला, आणि पोतें पाठीमागें राहिलें. मायच्या त्या ढेपेंत विष होतें कीं नव्हतें, हें अर्थात्‌ डोळ्यांनीं कळण्यासारखें नाहीं. प्रत्येक बुरशी विषारी नसते. ती तपासून घ्यावी हें आमच्या मनांतहि आलें नाहीं.

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं मायचें दूध बंद केलें. कारणहि सांगितलें, तेवढा प्रामाणिकपणा आमच्यांत आहे. माय दाराशीं उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, “गुरुजी, ढेप फेकाची कशी? पैसे देऊन आणली. फेकली तं गाय दूध कायचं देईन?” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें, म्हणून आम्हीं महिन्याचा हिशेब पैन्‌पै चुकता केला, आणि पिशवींतील दूध आणूं लागलों. त्या पिशवीमागें कोणत्या गाई, आणि त्या गाईंपुढें कोणती ढेप, हें विचारावयास कोणी भेटत नसल्यामुळें मनास स्वस्थता वाटे.

ती स्वस्थता चार दिवस टिकली. पांचव्या दिवशीं बसची वाट पाहतांना थांब्यावरील टपरींत चहा घेतला. अर्धा पेला झाल्यावर सहज विचारलें कीं दूध कोणाचें. “मायचंच. आतां तिच्याकडे उरते ना,” टपरीवाला म्हणाला. उरलेला अर्धा पेला आम्हीं प्यालों कीं नाहीं, हें येथें सांगत नाहीं.

२०१० च्या अखेरीस जर्मनींत कारखान्यांच्या वापराची चरबी पशुखाद्यांत मिसळली गेली आणि खाद्यांत डायॉक्सिन उतरलें. जानेवारी २०११ मध्यें तेथील सरकारनें सुमारें ४७०० शेतांवरील अंडीं, मांस यांची विक्री थांबविली; तपासणींत जें शेत निर्दोष ठरे तें पुन्हां खुलें होई. त्या शिस्तीचा आम्हांस प्रथम हेवा वाटला. पण तेथें कोणी कोणास खाद्य विकलें याच्या वह्या होत्या. दोष गोठ्यापासून मागें कारखान्यापर्यंत शोधतां आला. मायच्या पोत्यावर शिवणीखेरीज कांहीं नव्हतें. येथें बंदी घालावयाची तर ती एकट्या मायवर पडणार, आणि आम्हीं घातलेली बंदी तशीच पडली होती.

अन्नावरील बंदी भंडाऱ्यास नवी नाहीं. येथें धान कापणीला येण्यापूर्वीं उभ्या पिकांतच लाखोळी फेंकतात. धान निघाल्यावर जमिनींत उरलेल्या ओलीवर ती येते, तिला ना पाणी द्यावें लागत ना खत. दाणा माणसास, भूस जनावरास. या दाण्यांत असें एक द्रव्य आहे कीं महिनेन्‌महिने तोच मुख्य आहार झाला तर पाय लुळे पडतात. रेव्याकडे शेतमजुरांस मजुरीच या धान्यानें मिळे. तेथें असे पंगू गांवोगांव होते. १९६१ सालीं तिच्या विक्रीवर बंदी आली. बंदी बाजारावर आली, बांधीवर नव्हे. लाखोळी पिकत राहिली, तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी होत राहिली, आणि डाळ दुसऱ्या डाळींत मिसळून त्यांच्या नांवानें विकली गेली. २००८ सालीं महाराष्ट्रानें ती बंदी उठविली. आम्ही बंदीच्या विरुद्ध आहों असें नव्हे. पाय जाणें ही थट्टा नाहीं. परंतु मजूर नुसती लाखोळी खाई तो आवडीनें खात नव्हता. दुसरें कांहीं ताटांत पडत नव्हतें.

टपरीवरून परतल्यावर आम्हीं तीं कात्रणें पुन्हां काढलीं. त्यांत एक वाक्य होतें: चांगलें खाद्य सुरू केल्यावर तीन-चार दिवसांत गाईच्या दुधांतून हें विष नाहींसें होतें. तें वाक्य पहिल्या दिवशींहि तेथेंच होतें. आम्हीं विषाचा भाग वाचला आणि चष्मा काढून ठेवला होता.

एका पोत्याची किंमत आमच्या महिन्याच्या वर्तमानपत्रें व मासिकें यांच्या खर्चाहून फारशी अधिक नाहीं. पैसे घेऊन आम्ही मायकडे गेलों. तिनें ते फुकट घेतले नाहींत. दुधांत वळते करावयाचे ठरले, आणि तशा रेघा तिनें कोळशानें गोठ्याच्या भिंतीवर ओढल्या. चार दिवसांचें दूध टाकावें लागेल, असें आम्हीं सांगितलें तेव्हां ती आमच्याकडे पाहतच राहिली. त्या चार दिवसांचेहि पैसे आम्हीं मांडले. नवें पोतें फळीवर, भिंतीपासून दूर ठेवलें गेलें. गळक्या जागीं तिच्या मुलानें ताडपत्री बांधली.

पांचव्या दिवशीं सकाळीं दूध घेऊन माय दाराशीं आली. भांडें रिकामें करून देतां देतां आम्हीं विचारलें, “माय, तें जुनें पोतें टाकलें ना?”

“टाकाचं कायले, गुरुजी?” ती म्हणाली. “शेजारच्यानं अर्ध्या भावात नेलं.”