वजन उतरलं, आता भाकरी किती?

काटा महिनाभर जागचा हलला नाही. नांदेडला आमच्या गल्लीतल्या बायकांचा धीर नेमका याच टप्प्यावर सुटतो, आणि मला फार वाईट वाटतं. शरीर अडून बसलेलं नसतं, हलकं झालेलं असतं. हलक्या शरीराला चालायला, जिना चढायला, नुसतं पडून राहायलाही कमी ऊर्जा पुरते. ढोबळ हिशेबानं दहा किलो उतरले, की विश्रांतीतलीच रोजची गरज शंभरेक कॅलरींनी घटते. चालण्याफिरण्यातली घट वेगळी.

शंभर कॅलरी म्हणजे ज्वारीचं तीसेक ग्रॅम पीठ, जेमतेम अर्धी मोठी भाकरी. किंवा करडीचं तेल, एक मोठा चमचासुद्धा नाही. आमच्याकडं शेंगदाण्याच्या चटणीत खड्डा करून तेल ओततात. मी भाकरी तशीच ठेवली, तेलाचा हात आखडला.

लातूरला माहेरी सगळे दीक्षित पद्धतीनं जेवतात. डॉ. जगन्नाथ दीक्षित तिथल्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून त्यांनी दोनच वेळा, प्रत्येकी 55 मिनिटांत जेवण आणि 45 मिनिटं चालणं सांगितलं. कॅलरी मोजायच्या नाहीत. मधलं चरणं त्यामुळं सुटतं, हे मोठंच काम. तरी ताट पूर्वीएवढंच भरलेलं राहिलं, तर काटा पुन्हा थांबणार, असं माझं मत.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. साखर एकदम उतरू शकते.