विषय राहिलेली मुलगी

कॉलेजच्या ट्रेनिंग सेलने तिचं नाव यादीतून कापलं, ते मला अजून पचलेलं नाही.

नेवासा फाट्यावर आमचं छोटं ऑफिस आहे. पतसंस्था, दूध संकलन केंद्रं, कृषी सेवा केंद्रं यांची मोबाईल अ‍ॅप्स करतो. यूआय डिझाइनला, म्हणजे पडद्यावर काय कुठे दिसावं आणि बोट कुठे पडावं हे ठरवायला, इंटर्न हवे होते. फिग्मा विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, शिकायला यूट्यूब आहे, तरी अर्ज येईनात. हुशार पोरं नगरची नाहीतर संभाजीनगरची बस धरतात. जे आले त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "सर, सर्टिफिकेट मिळेल ना?" टाळकं सणकायचं.

मग पोर्टफोलिओची अटच काढली. दुसऱ्या वर्षाच्या मुलाकडे तो कुठून येणार? मराठीत सूचना लावली: घरातलं माणूस मोबाईलवर जिथे अडतं, तो पडदा कागदावर नव्याने काढून आणा. पेन्सिल चालेल. खाली मानधनाचा आकडा.

घोडेगावकडची बीएस्सीची एक मुलगी वहीच्या पानांवर दुधाच्या हिशेबाचा पडदा काढून घेऊन आली. मूळ अ‍ॅपात लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम सगळं एकाच मापाच्या बारीक अक्षरात. हिने आईला विचारलं होतं, दूध घालून आल्यावर तू आधी काय बघतेस? आई म्हणाली, पैसे किती झाले आणि फॅट उतरली का. म्हणून रक्कम वर ठळक, खाली आजची फॅट, शेजारी कालची. समासात लिहिलेलं: हाताला शेण असतं, बटण मोठं पाहिजे.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे इंटर्नशिपला क्रेडिट असतात, म्हणून कॉलेजचं पत्र लागतं. यादी आली, त्यात ही नाही. ट्रेनिंग सेलच्या साहेबांना विचारायला गेलो.

"तिचा एक विषय राहिलाय. शिवाय ती कॉम्प्युटरची नाही."

मी वही पुढे सरकवली. साहेबांनी पान उलटलंही नाही. "आम्ही साठ टक्क्यांच्या वरचेच पाठवतो. कॉलेजच्या नावाचा प्रश्न असतो." राहिलेला विषय गणित होता. बटणाच्या आकाराशी त्याचा काय संबंध, असं विचारलं तर म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. त्या साठ टक्केवाल्यांतल्या बहुतेकांनी जेवण मागवायच्या अ‍ॅपचे पडदे नेटवरून जसेच्या तसे उतरवले होते. आमच्याकडे रात्री नऊला पिठलं-भाकरी कोण घरपोच आणून देतं? याच कॉलेजच्या प्रत्येक समारंभात, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी मराठीत ज्ञानेश्वरी सांगितली त्या पैस खांबाचा उल्लेख होतो, फलकावरच्या सूचना मात्र इंग्रजीत.

ई-पीक पाहणी 2021 पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर भरायची आहे. असे पडदे कुणासाठी काढायचे हे ज्यांच्या घरात रोज दिसतं, त्यांनाच आपण टक्केवारीवर गाळतो. पैशांचंही तेच. राज्याच्या 2024 च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला महिना 6,000, डिप्लोमा-आयटीआयला 8,000, पदवीधराला 10,000 ठरले. खासगी कंपन्या अजून 'शिकायला मिळेल' एवढ्यावरच भागवतात. एसटीचा पास त्यावर निघत नाही.

मुलगी सुट्टीत पत्राविनाच आली, काम चोख केलं. निघताना तिनेही विचारलं, "सर, सर्टिफिकेट मिळेल ना?" त्या दिवशी राग आला नाही. उलट खास शिक्का करून घेतला. कॉलेजने पत्र दिलं नाही, निदान आमचा कागद तरी तिच्या हातात असावा.

पुण्या-संभाजीनगरात इंटर्न घेणाऱ्यांना विनंती आहे. जाहिरात मराठीतही द्या, मानधनाचा आकडा लिहा आणि अर्जातला टक्केवारीचा रकाना काढून टाका.