वाटेत थांबलेला रंग

काशीत दुर्गाघाट, ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत. त्यातल्याच एका वाड्याच्या गच्चीवर, कोवळ्या उन्हात, आजी नातवाला तेल लावत होत्या. पालथं घातल्यावर त्याच्या कमरेखाली तळहाताएवढा निळसर करडा डाग दिसला. कडा धूसर, मुका मार बसल्यावर दिसतो तसा रंग. “लासं आहे गं,” आजी सुनेला म्हणाल्या, “ग्रहणात काही चिरलं होतंस का?”

ग्रहणाच्या स्नानाला ज्या गावात माणसांचा पूर लोटतो, तिथं हा प्रश्न यायचाच. सून गप्प राहिली. पण मनातल्या मनात ती नऊ महिने उलगडून बघत होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

ग्रहणाचा आणि या डागाचा काडीचा संबंध नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचं मूळ गर्भाच्या पाठीशी, मज्जारज्जू घडतो त्याच्या कडेला असतं. तिथून त्या त्वचेच्या वरच्या थराकडे निघतात. काहींचा मुक्काम मध्येच, आतल्या थरात पडतो. त्यांच्यातलं रंगद्रव्य गडद तपकिरीच असतं. खोलवर असल्यामुळे, प्रकाश विखुरल्यानं, वरून ते निळं दिसतं. आपल्याकडच्या बाळांमध्ये ही खूण सर्रास आढळते, दुखत-खुपत नाही आणि बहुतेकदा शाळेच्या वयापर्यंत विरून जाते.

सगळ्याच जन्मखुणा इतक्या गरीब नसतात. सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावल्यानं पडलेला लालजांभळा डाग जन्मभर सोबत करतो. गर्भातल्या एखाद्या पेशीत एका जनुकात झालेला बदल त्यामागे असतो, हे 2013 साली उजेडात आलं. हा डाग कपाळावर, पापणीवर असेल तर डोळा आणि मेंदू तपासून घ्यावा लागतो. जन्मानंतर काही आठवड्यांनी फुगणारा लालबुंद उंचवटा मात्र पुढे वर्षावर्षानं आपसूक ओसरतो. मोठं काळं लासं मुलाच्या अंगाबरोबर वाढतं. त्यावर डॉक्टरांची नजर हवी.

काशीत मरण आलं की पुन्हा जन्म नाही, अशी श्रद्धा. आणि अंगावरच्या खुणेत मागच्या जन्मीची जखम शोधणारेही याच मातीत भेटतात. इयान स्टीव्हन्सन या मानसोपचारतज्ज्ञानं अशा कहाण्या देशोदेशी गोळा केल्या, 1997 मध्ये त्यांचे जाडजूड ग्रंथ काढले; विज्ञानाला ते पटले नाहीत. पण मागचा जन्म निदान आईला दोष देत नाही. ग्रहण देतं.

या वाड्यांतल्या लोकांचे पूर्वज कुणी यात्रेला आले, कुणी वेद शिकायला, आणि इथलेच झाले. ते परत का गेले नाहीत, याचं पाप कुणी हुडकत बसत नाही. मग रंगाच्या चार पेशी वाटेत थांबल्या, त्याचा जाब बाळंतिणीला का विचारायचा?