सतरा मीटर

पाऊस थांबायची वाट बघत बसलं तर इंग्लंडमध्ये कुठेच जाणं होत नाही, हे तुम्हालाही ठाऊक असेल. मागच्या उन्हाळ्यात आई आली होती, तेव्हा आम्हीही भर पावसातच ब्रायटनहून ए२५९ ने ईस्टबोर्नकडे निघालो. देवरुखचं घर विकून तिने पुण्याला भावाकडे राहावं, हे आज सांगायचंच, असं मी ठरवलं होतं.

ईस्ट डीनहून बर्लिंग गॅपकडे वळलो. सेव्हन सिस्टर्सचे पांढरे खडूचे कडे धुक्यात गडप. गाडीतच थर्मासमधला चहा घेतला. पुढे टेकडीवर बेल टूट दिसलं, १८३४ साली सुरू झालेलं जुनं दीपगृह. ढासळता कडा त्याच्या पायाशी आला, तेव्हा १९९९ मध्ये हायड्रॉलिक जॅक लावून ते अख्खं मागे सरकवलं. आईला हे रंगवून सांगितलं आणि हळूच जोडलं, "वेळेवर हललं म्हणून वाचलं."

काचेवरची वाफ पदराने पुसत ती बघत राहिली.

"किती सरकवलं?"

"सतरा मीटर."

"म्हणजे समुद्र अजून दिसतोच ना त्याला?"

परतताना मी घराचा विषय काढला नाही. रात्री भावाला फोन केला. घर राहू द्यायचं, आईच्या सोबतीला गावातच कोणी मिळतं का ते बघायचं, असं ठरलं.